फोन तुमचा, पैसे आमचे

दत्ता येणार म्हणून अनितानं चांगल्या कपबश्या काढल्या, आणि सुरेखाला सगळ्यात जास्त राग आला तो त्याचाच. नवरा सुटून चार वर्षं झाली होती, पण दौंडचा डीलर काही सुटला नव्हता. त्रिशरण पंपाच्या निम्म्या पाणबुडी मोटारी दत्ताच्या दुकानातून विकल्या जायच्या. त्यामुळे लेकीला नांदवलं नाही ही गोष्ट वेगळी आणि धंदा वेगळा, असं या घरात केव्हाच ठरून गेलं होतं. ठरवताना सुरेखाला कुणी विचारलं नव्हतं. तिनं एकदा भावांना तोंडावर ऐकवलं होतं, "माझा नवरा गेला, तुमचे दाजी ऱ्हायले." दोघं भाऊ खाली मान घालून बसले, आणि दुसऱ्या दिवशी दौंडला माल गेला.

रविवार असल्यानं वर्कशॉप बंद होतं. पुढच्या खोलीत, जिला सगळे ऑफिस म्हणत, चांगदेव आबा खुर्चीत बसले होते. थोरला सतीश टेबलापाशी, धाकटा नवनाथ दाराला टेकून उभा. सुरेखा तिच्या जागेवर, फोनशेजारी. फोन रविवारीही चालू असायचा. मोटार काही वार बघून जळत नाही, असं आबा एकदा म्हणाले होते, आणि आबांनी एकदा म्हटलेलं या घरात पुन्हा कुणी म्हणून बघत नसे.

हा फोन म्हणजे सोळाशेवरून सुरू होणारा टोल-फ्री नंबर. या भागात असला नंबर घेणारे पंपवाले हे पहिलेच. शेतकऱ्यानं कुठूनही लावावा, त्याला पैसा पडत नाही. तो बोलेल त्या प्रत्येक मिनिटाचे पैसे त्रिशरण पंपाच्या बिलात येतात. नवनाथनं मांडवगण फराट्यापासून खुटबावपर्यंत दिसेल ती भिंत रंगवून घेतली होती, 'फोन तुमचा, पैसे आमचे'. लोकांनी त्यातलं पहिलं अर्धं अगदी मनावर घेतलं. दुसऱ्या अर्ध्याची काळजी एकट्या सतीशला होती.

त्यात आबांचा नियम. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. तो नियम कुठून आला ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आबा तरणे असताना त्यांचा पाठचा भाऊ दौंडला दवाखान्यात होता, आणि गावात फोन एकच, सोसायटीच्या कचेरीत. सेक्रेटरीनं आबांना पायरीखाली उभं केलं, स्वतः फोन लावला, दवाखान्यातला माणूस काहीतरी सांगत असतानाच "बरं, बरं" करून ठेवून दिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "बरा हाय त्यो." आबा सायकल मारत पोचले तोवर भाऊ गेला होता. त्या अर्ध्यात तोडलेल्या बोलण्यात काय होतं, ते आबांना जन्मात कळलं नाही. आता त्याच गावांतले बागाईतदार मोटार अडली की फोन करून "ताई, जरा बघा की" म्हणत, आणि आबांच्या घरातून त्यांचा फोन कुणी आधी ठेवत नसे. यात आबांना जे मिळत होतं ते बिलात कुठं छापून येत नव्हतं.

सकाळचा फोन अनिता घ्यायची, सतीशची बायको. दुपारचा सुरेखा. आणि तो मुका फोन दुपारीच यायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा सुरेखाला वाटलं लाइन खराब असेल. मोटार चालू हाय का, पाणी चढतंय का, का उलटी फिरतीय, असं तिनं सगळं विचारून पाहिलं. पलीकडून शब्द नाही. मागं रेल्वेची घोषणा आणि फेरीवाल्यांची ओरड. मग नाक ओढल्याचा आवाज आला, दोनदा, आधी हलकेच आणि लगेच जोरात. सुरेखा होती तिथं उठून उभी राहिली. गौतमी रांगत होती तेव्हापासून नाक अशीच ओढायची.

पोरगी दौंडला बापाकडे राहिली होती. दत्तानं दुसरी बाई घरात आणली आणि सुरेखा निघाली, तेव्हा तिनं पोरीला हाताला धरलं होतं. पण दत्ताची आई झुंबरबाई आडवी आली. स्वतःच्या गळ्याला पोरीचा हात लावून तिनं शपथ घ्यायला लावली, आईशी एक शब्द बोलशील तर माझं मढं बघशील. पोरीचा आजीवर जीव. तिनं शपथ पाळली. बोलायचं नाही असं कबूल केलं होतं. ऐकायचं नाही असं कुणी वदवून घेतलं नव्हतं. स्टेशनाबाहेरच्या फोनच्या लाल डब्यातून टोल-फ्री नंबर लावायला नाणंसुद्धा टाकावं लागत नाही, आणि शाळा सुटली की स्टेशन वाटेवरच, रविवारी शिकवणी सुटली की तसंच.

तेव्हापासून सुरेखा बोलायची आणि पोरगी ऐकायची. कुणी आसपास असलं की गिऱ्हाईकाशी बोलल्यासारखं चाले. "मोटार कोरडी सोडायची न्हाई. आधी आत पाणी भरायचं, मग विहिरीत सोडायची. माणसानंबी उपाशीपोटी घराभाईर पडू न्हाई." कुणी नसलं की मग काय वाटेल ते, अगदी लहानपणी तिला पाटावर बसवून केस विंचरायचे तिथपासून. पोरगी मायेनं ऐकते की रागानं, सोडून गेलेल्या आईची खोड मोडायला ऐकते, हे सुरेखाला कधी कळलं नाही. पण ऐकत होती. लेकीचं तिच्याकडं तेवढंच काय ते होतं. हा नंबर गेला की पोरगी गेली.

घरात तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सतीशला सांगावं तर तो नवनाथला बोलणार. नवनाथच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि दौंडला तर तो आठवड्याला जातो.

सतीशनं बिल टेबलावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

"आबा, आकडा मी बोलत न्हाई, तुम्ही वाचलाय," तो म्हणाला. "कामगारांचा पगार एकीकडं आन् ह्यो फोन एकीकडं. दोन्ही व्हायचं न्हाई. एक काय ते सांगा."

"फोनमुळं गिऱ्हाईक वाढलं ते बोल की," नवनाथ म्हणाला.

"कुठलं गिऱ्हाईक? मांडवगणचे पोपटराव? घरच्या फोनवरनं लावत्यात, मोटार झकास चालू असती, आन् ताईला सांगत्यात, शिरूरला कांद्याचा बाजार काय निघाला ते इचारून ठिवा, परत लावतो."

"मला तर खुटबावच्या एकीनं पुरणाला डाळ किती शिजवायची ते इचारलं," अनिता आतून कपबश्या आणता आणता म्हणाली. "मी म्हणलं, बाई, हे मोटारीचं हापिस हाय. तर म्हणती, मग काय झालं, फुकटच हाय की."

एरवी यावर हशा झाला असता. आबासुद्धा गालात हसले नाहीत.

"फुकट काय नसतंय," सतीश म्हणाला. "त्यांना फुकट, कारण आपण भरतोय."

"त्यांनाबी फुकट न्हाई," नवनाथ बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला वाटलं, नसतं बोललो तर बरं. सगळे बघायला लागले तेव्हा त्याला पुढं सांगावंच लागलं. "ज्याच्या घरी फोन न्हाई त्यो बूथवर जातोय. बूथवाला म्हणतो, ह्या नंबराला मीटरवर शून्य येतंय, मला कमिशन न्हाई, मग माझी केबिन अडवून तू बोलणार आन् मी काय माशा मारू? त्यो दोन रुपये घेतो. खुटबावला घेत्यात, बाकीच्या गावातबी घेत असत्याल."

"आपल्या नंबराचे?" आबांनी विचारलं.

"आपल्या नंबराचे."

"भिंतीवर पैसे आमचे म्हणून लिवलंय आन् त्याच भिंतीच्या आड गरिबाकडनं पैसे घेत्यात?"

"बूथवाल्यालाबी पोट हाय, आबा."

आबा खाली बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून सुरेखाला काय ते कळलं. या नंबराच्या बाजूनं भांडणारं घरात एकच भक्कम माणूस होतं, आणि नवनाथच्या एका वाक्यानं तेच आतून खचलं होतं.

एवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली.

"जय भीम, मामा," म्हणत दत्ता आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. पुडा अनिताच्या हातात दिला, आबांच्या समोरची खुर्ची ओढून घेतली, आणि सुरेखाकडं त्यानं अशी नजर टाकली की जशी टेबलाकडं टाकावी. सुरेखा फोनची वायर सरळ करत बसली. तिला त्याच्याकडं बघायचं नव्हतं. त्याला काही विचारायचं मात्र होतं, पोरीचा खोकला गेला का, नवीन दप्तर घेतलं का, आणि ते विचारायचं तोंड तिला नव्हतं.

दत्तानं चहा बशीत ओतला आणि मुद्द्यावर आला.

"माझं सरळ हाय, मामा. गिऱ्हाईक मी जोडायचं, मोटार मी इकायची, आन् बिघडली की त्यो फुकटचा फोन फिरवून थेट तुम्हाला सांगणार. तुमचा मेकॅनिक हितनं येऊन नीट करून जातो, सामानबी तुमचंच घालतो. माझ्या दुकानात मग मी कशाला बसायचं? ह्यो नंबर बंद करा. साधा ठिवा. ज्याला गरज हाय त्यो पैसे टाकून लावंल."

"मी तेच म्हणतोय," सतीश म्हणाला.

"आन् बंद केला तर पावसाळ्याच्या आत मी शंभर मोटारी उचलतो," दत्ता नवनाथकडं वळून म्हणाला. "रोख."

नवनाथनं दाराची चौकट सोडली. इतका वेळ तो नंबराच्या बाजूनं होता, भिंती त्यानंच रंगवल्या होत्या. पण शंभर मोटारी म्हटल्यावर माणसाला आपल्या मताची दुसरी बाजूही दिसायला लागते. "तसं बघितलं तर," तो म्हणाला, "भिंतीवर साधा नंबरबी लिहिता येतोय."

"आन् एक हाय," सतीश म्हणाला. "रोज दुपारी एक मुका फोन येतोय. एक्स्चेंजातल्या वळखीच्या माणसाला इचारलं, त्यो म्हणला दौंडातनं येतोय, डब्यावरनं. कुणीतरी मुद्दाम लावून ठेवतंय, आपलं बिल फुगावं म्हणून. दुसरा कुठला पंपवाला असणार. निम्मं बिल त्याचंच. ताई, तू त्यो ठेवत का न्हाईस?"

"आबांचा नियम हाय."

"बोलणारा असंल तर नियम. मुक्याला कसला नियम?"

"वन्सं ठेवत न्हाईत," अनिता म्हणाली. "मी ठेवती. मला आला हुता एकदा."

सुरेखानं दचकून तिच्याकडं पाहिलं. चार वर्षं दोघींचं फारसं पटलं नव्हतं. परत आलेली नणंद म्हणजे चुलीपाशी एक जास्तीचं माणूस आणि मतांचा एक जास्तीचा डोंगर, असं अनिताला वाटायचं, आणि ते ती लपवत नसे. तिला किती ठाऊक होतं? दारामागून तिनं कधी ऐकलं असेल का? अनिता रिकाम्या बश्या गोळा करत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"दौंडातलं माझ्यावर सोडा," दत्ता म्हणाला. "कोण हाय ते मी हुडकतो."

आबांनी मान वर केली. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बंद करा," ते म्हणाले. "उद्या अर्ज द्या. भिंतीवर चुना मारा."

सुरेखाच्या तोंडून "आबा" एवढंच निघालं.

"काय गं?"

तिनं दत्ताकडं पाहिलं. इथं, या माणसासमोर, काय सांगायचं? सांगितलं तर नंबर कदाचित राहील, पण संध्याकाळपर्यंत दत्ता दौंडला पोचेल आणि पोरीला कोंडून घालील. नाही सांगितलं तर नंबर जातोच.

"येवढा म्हैना तरी ठिवा," ती म्हणाली.

"कशासाठी, ताई?" सतीशनं विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खरोखरच विचारलं होतं. तिनं नजर फोनकडं वळवली तसा त्यानं सुस्कारा टाकला. "तुझं काम जाणार न्हाई. हिशोबाला बस माझ्यासंगं. तेवढ्यासाठी जीव नको टांगणीला लावू."

तिला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं, तिला खुर्ची जायची भीती वाटते.

तेवढ्यात फोन वाजला.

खोलीतलं कुणी हललं नाही. "हीच येळ न्हवं त्याची?" सतीश म्हणाला. "ताई, घे. नवनाथ, त्यो स्पीकर लाव, ऐकू तरी कोण हाय."

पोपटराव असू दे, असं सुरेखाच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पोपटरावांचा आवाज हवासा वाटला. कांद्याचा बाजार विचारू दे, ज्वारीचा विचारू दे. तिनं रिसिव्हर उचलला आणि नवनाथनं बटण दाबलं.

"नमस्कार. त्रिशरण पंप, शिरूर."

डब्यातून हवा यावी तसा आवाज खोलीभर पसरला. मागं गाडीची शिट्टी, चहावाल्याची आरोळी. शब्द नाही.

दत्तानं कान टवकारले आणि तो हसला. आवाज बारीक करून म्हणाला, "ह्यो तर स्टेशनाभाईरचा डबा. माझ्या दुकानापासनं हाकेवर."

आणि मग पलीकडून नाक ओढलं गेलं. हलकेच, आणि लगेच जोरात.

सुरेखानं दत्ताकडं पाहिलं. एका छताखाली राहणारा बाप. तो आवाज त्याच्या कानावरून गेला आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. या घडीला त्याचं न ओळखणं तिला सोयीचं होतं, तरी तिला त्याची चीड आली, अगदी तळपायापासून.

"दुकानात पोरं हाईत माझी," दत्ता उठत कुजबुजला. "आतला फोन द्या. आत्ता सांगतो, गचांडी धरून उभा करत्याल. तवर त्याला बोलण्यात गुतवून ठिवा."

आतल्या खोलीत घरचा साधा फोन होता. बाहेरगावचे कॉल कुणी उगाच करू नयेत म्हणून सतीशनं त्याला लॉक घालून ठेवलेलं. सतीश ते काढायला त्याच्यामागं आत गेला.

सुरेखाच्या हातात तेवढाच वेळ होता. झटकन फोन ठेवून द्यावा, हे पहिलं मनात आलं. पण तिनं आजवर कधी आधी फोन ठेवला नव्हता, आणि त्या कट्ट आवाजानं पोरीला काय सांगितलं असतं हे तिला कळत होतं. आईनं दुसऱ्यांदा सोडलं, एवढंच पोरगी समजली असती. आणि तिथंच थांबली तर दुकानातली पोरं तिला धरणार होती.

"ऐका," सुरेखा म्हणाली. गिऱ्हाईकाशी बोलायचा तोच आवाज तिनं लावला, फक्त त्यातला श्वास जरा आखूड झाला. "ह्यो नंबर बंद हुणार हाय. उद्यापासनं लागायचा न्हाई. फुकटचं बोलणं संपलं. पुढं कवा बोलायचं असलं तर पैसे टाकून बोलावं लागंल. साधा नंबर सांगते, तेवढा घ्या." तिनं शिरूरचा कोड सांगितला, मग घरचा नंबर, एकेक आकडा सुटा करून. "आन् आता तिथं थांबू नका. डब्यापाशी माणसं येत्यात. लगेच निघा."

पलीकडं काहीच नाही. नवनाथ कपाळाला आठी घालून बहिणीकडं बघत होता. ही त्या चोराला सावध का करतेय, हे त्याला समजेना.

"परत सांगा," स्पीकरमधून आवाज आला. "शेवटचे दोन आकडे ऐकू न्हाई आले."

सुरेखाच्या आठवणीत तो आवाज लहान पोरीचा होता. हा मोठ्या मुलीचा होता, थोडा घोगरा, थोडा दटावल्यासारखा. त्या आवाजातली चार वर्षं तिच्या वाट्याला आलीच नव्हती, हे तिला त्या एका वाक्यात कळलं. अनिताच्या हातातल्या बश्या वाजल्या. आबा ताठ बसले.

आतल्या दारात दत्ता उभा होता. रिसिव्हर हातातच, वायर ताणलेली. "गौतमे?"

"बसा, दत्ताराव," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक बोलतंय."

ते मोठ्यानं बोलले नव्हते. पण दत्ता होता तिथंच थांबला. सुरेखानं शेवटचे दोन आकडे सांगितले, पुन्हा एकदा सांगितले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मग तिनं आपला ठेवला.

"म्हंजी रोज ही लावत हुती?" दत्ताच्या तोंडावर रक्त चढलं होतं. "शपथ घातली हुती माझ्या आयनं. मोडली कार्टीनं."

"न्हाई मोडली," सुरेखा म्हणाली. चार वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "एक शब्द बोलली न्हाई ती. मी बोलत हुते. आजबी गिऱ्हाईकासारखं तुम्ही-आम्ही करून नंबर इचारला तिनं, मला आई म्हणली न्हाई."

सतीश दत्ताच्या मागून बाहेर आला. त्यानं टेबलाकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. इतके महिने आपण कशाचे पैसे भरत होतो हे त्याला आत्ता कळलं. त्यानं तांब्या बाजूला सरकवला, बिलाची घडी घातली आणि खिशात ठेवून दिली.

दत्ता वळला आणि आत जाऊन आकडे फिरवायला लागला. "पोरांना सांगतो, धरून घरी न्या म्हणावं. मी आलो की बघतो."

बश्या टेबलावर ठेवून अनिता आत गेली. तिनं फोनच्या खुंटीवर बोट दाबलं. लाइन तुटली.

"दाजी, ह्यो फोन मोकळा ठिवा," ती म्हणाली. "यायचाय."

"बोट काढा, वहिनी."

तिनं काढलं नाही. "म्या तवाच वळखलं हुतं," ती सुरेखाकडं न बघता म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मला आला तवा. नाक वढलं अन् मी घाबरून ठेवून दिला. सकाळी परत कवा आला न्हाई. ते लागलंय मला, वन्सं."

सुरेखाच्या ध्यानात आलं. सकाळची शाळा बुडवून पोरीनं एक दिवस फोन केला होता, आणि तो तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

दत्तानं अनिताचा नाद सोडला आणि पुरुषांकडं तोंड केलं. "बरं. तर मग माझंबी ऐका. उद्यापासनं दौंडात तुमची एक मोटार इकली जायची न्हाई. शंभर बी न्हाई अन् एक बी न्हाई. नवनाथ, सांग ह्यांना ह्याचा अर्थ काय त्यो."

नवनाथला अर्थ चांगला ठाऊक होता. दौंड गेलं तर निम्मं वर्कशॉप गेलं. त्यानं आबांकडं पाहिलं. आबा त्याला काही सांगणार नव्हते. सतीशकडं पाहिलं, सतीश खिशावर हात ठेवून उभा होता. ज्याला त्यानं दर आठवड्याला जाऊन दाजी, दाजी केलं होतं, ज्याच्या घरी जेवला होता, आणि ज्याच्या घरात भाची ताट वाढायला पुढं आली की मामाकडं मान वर करून बघत नसे, तो माणूस उत्तराची वाट बघत होता. नवनाथ कधी तिला विचारून आला नव्हता, बरी हायस का म्हणून.

"रिसिव्हर ठिवा, दाजी," तो म्हणाला.

दत्तानं तो असा आपटला की फोन टेबलावरून सरकला. अनितानं तो जागेवर ओढून घेतला. "बघतो मी," दत्ता म्हणाला, "कुठनं पैसे आणती आन् कुणापाशी बोलती ती." तरी तो गेला नाही. त्यालाही थांबावंसं वाटलं असावं, पोरगी फोन करते की नाही ते बघायला.

सगळे आतल्या खोलीत उभे राहिले. कुणी बसलं नाही. सुरेखाच्या मनात येत होतं, करणार नाही ती. तिच्याजवळ पैसे कुठले असायला? असले तरी शपथ आहे, आजीचं मढं आहे. फुकट होतं तोवर पोरगी ऐकत होती, आता पदरचं घालून कशाला बोलेल? आणि नाही केला फोन तर राग कुणावर काढायचा? आपणच सांगितलं की निघ म्हणून. बाहेर नगर रस्त्यावरून ट्रक गेला, खिडकीच्या काचा हादरल्या आणि पुन्हा शांत झाल्या.

फोन वाजला. बाहेरगावच्या फोनची लांब घंटी.

अनिता बाजूला झाली. दत्ता एक पाऊल पुढं आला, आणि सतीश त्याच्या आडवा उभा राहिला, काही न बोलता. सुरेखानं रिसिव्हर उचलला. नमस्कार नाही, त्रिशरण पंप नाही.

"बोल," ती म्हणाली.

पलीकडं बूथच्या मशीनची टिकटिक ऐकू येत होती.

"आई, पटकन बोल," गौतमी म्हणाली, "मीटर पळतंय."